प्रश्न किडनीचे : क्रिएटिनिनच्या आधी लघवी काय सांगते?

मागच्या महिन्यात क्रिएटिनिनबद्दल, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते त्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाबद्दल, लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की किडनीला अचानक मार बसला तर रक्तातलं क्रिएटिनिन एक-दोन दिवसांनी वाढतं, पण लघवीत काही प्रोटीन्स काही तासांतच दिसायला लागतात. एवढ्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी पत्रं घरातल्या पेशंटच्या काळजीतून लिहिलेली आहेत, म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. नावं छापत नाही, गाव किंवा भाग तेवढा ठेवलाय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या बाबांची, वय ६८, गेल्या महिन्यात बायपास झाली. ऑपरेशनआधी क्रिएटिनिन ०.९ होतं, दुसऱ्या दिवशी १.०, तिसऱ्या दिवशी १.६ आणि चौथ्या दिवशी २.१. डायलिसिस लागलं नाही, आता १.२ वर आलंय, बाबा घरी आहेत, गॅलरीत चालतात. पण माझ्या डोक्यातून जात नाही. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, तो म्हणाला की तिकडे ऑपरेशननंतर लघवीची एक टेस्ट करतात आणि किडनी बिघडणार हे त्याच दिवशी कळतं. ती इथे केली असती तर बाबांचा त्रास वाचला असता का? आमचं काही चुकलं का? – सिंहगड रोड

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमचं काहीही चुकलेलं नाही. बायपासनंतर किडनीला मार बसणं हे नेहमी दिसणारं आहे आणि बाबांचं क्रिएटिनिन खाली आलंय ही चांगली गोष्ट आहे.

आता बाकीचं. दुसऱ्या दिवशी १.० आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं असेल की किडनी ठीक आहे. ती तेव्हा ठीक नव्हती, फक्त आकड्यात उतरलं नव्हतं. तुम्ही सिंहगड रोडला राहता म्हणून खडकवासल्याचंच उदाहरण देतो. वरून येणारं पाणी तेवढंच आहे आणि दरवाजे अर्धे बंद केले तर धरणाची पातळी पाच मिनिटांत वाढलेली दिसत नाही, हळूहळू चढते, आणि काठावर उभं राहून नुसती पातळी बघणाऱ्याला दरवाजे कधी बंद झाले ते कळतच नाही. क्रिएटिनिन हे आपल्या स्नायूंतून रोज ठरावीक प्रमाणात रक्तात येतं, किडनी ते गाळून बाहेर टाकते, गाळणं थांबलं तरी रक्तात साठायला एक-दोन दिवस जातात. त्यात बायपासच्या वेळी शरीरात भरपूर पाणी आणि सलाईन गेलेलं असतं, त्यामुळे रक्त पातळ होतं आणि आकडा आणखी कमी दिसतो. वय झालेल्या, स्नायू कमी असलेल्या माणसात तर सुरुवातीचा आकडाच फसवा असतो.

म्हणून लोक कित्येक वर्षं असं काहीतरी शोधत होते की हार्ट अटॅक ओळखायला रक्तातली ट्रोपोनिनची टेस्ट जे काम करते तेच किडनीसाठी करेल. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे एनगॅल. हे छोटं प्रोटीन आहे, किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांना इजा झाली की त्या नळ्यांच्या पेशी ते भराभर बनवून लघवीत सोडतात. २००५ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, त्यात प्रसाद देवराजन हे आपल्याकडून गेलेले डॉक्टर प्रमुख होते, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या ७१ मुलांची लघवी तपासली. त्यातल्या २० मुलांना पुढे किडनीचा त्रास झाला. क्रिएटिनिनवरून ते कळायला १ ते ३ दिवस गेले, आणि लघवीतलं एनगॅल ऑपरेशननंतर २ तासांत वाढलेलं होतं. दोन तास! मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं की आता आपलं काम बदलणार.

पण मुलं आणि मोठी माणसं यात फरक पडला. त्या मुलांना आधी डायबेटिस नव्हता, बीपी नव्हतं, किडनी कोरी होती, आणि इजा नेमकी किती वाजता झाली ते माहीत होतं. तुमच्या बाबांच्या वयाच्या पेशंटमध्ये आधीपासून थोडी झीज असते, इन्फेक्शन असतं, त्यामुळे एनगॅलचं उत्तर तितकं स्वच्छ येत नाही हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

दुसरी टेस्ट म्हणजे नेफ्रोचेक, मावसभाऊ बहुतेक हिच्याबद्दलच बोलत असणार. यात टिम्प-टू आणि आयजीएफबीपी-सेव्हन अशी दोन प्रोटीन्स मोजून त्यांचा गुणाकार करतात. पेशीवर ताण आला की ती विभाजन थांबवते, जरा दम घेते म्हणा, आणि त्या वेळी ही दोन्ही लघवीत येतात. म्हणजे इजा पूर्ण व्हायच्या आधीचा हा इशारा. तीनशेहून जास्त प्रोटीन्स चाळून ही दोन निवडली, २०१३ मध्ये ७२८ आयसीयू पेशंटचा अभ्यास छापून आला आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्टना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, परवानगी दिली. आकडा ०.३ च्या वर गेला तर पुढच्या १२ तासांत किडनीला मध्यम ते गंभीर मार बसण्याचा धोका जास्त, असं धरतात. मात्र त्याच एफडीएने तेव्हा हेही सांगितलं होतं की ज्यांना किडनीचा त्रास झालाच नाही अशांपैकी जवळपास निम्म्या लोकांत टेस्ट खोटी पॉझिटिव्ह आली. हे मी मुद्दाम सांगतोय कारण नातेवाइकांच्या हातात असा रिपोर्ट पडला आणि समजावून सांगणारं कोणी नसलं तर ती रात्र कशी जाते ते मी पाहिलंय.

मग टेस्ट केली असती तर फायदा काय? जर्मनीतच, म्युन्स्टरला, बायपाससारखी ऑपरेशनं झालेल्या २७६ पेशंटवर हे करून पाहिलं. ऑपरेशननंतर ज्यांचा हा आकडा ०.३ च्या वर आला फक्त अशांनाच घेतलं. अर्ध्यांना नेहमीची ट्रीटमेंट आणि अर्ध्यांना जास्त काटेकोर काळजी : किडनीला त्रास देणारी औषधं बंद, बीपीच्या ठरावीक गोळ्या ४८ तास थांबवायच्या, शुगर वाढू द्यायची नाही, स्कॅनसाठी शिरेतून देतात तो कॉन्ट्रास्ट डाय शक्यतो टाळायचा, शरीरातलं पाणी आणि हृदयाचं काम नुसत्या अंदाजाने न बघता मोजून सांभाळायचं. नेहमीच्या गटात ७१.७ टक्के लोकांना किडनीचा त्रास झाला, काटेकोर गटात ५५.१ टक्के. म्हणजे फरक पडला, चांगला पडला. पण बघा, काटेकोर गटातही निम्म्याहून जास्त लोकांना त्रास झालाच, आणि डायलिसिस किंवा मृत्यू यात फरक दिसला नाही.

त्यामुळे ताई, टेस्ट केली असती तर बाबांचं २.१ कदाचित १.६ वर थांबलं असतं, कदाचित नसतंही. आणि ज्यामुळे फरक पडला ती काळजी होती, टेस्टने फक्त ती कोणाला जास्त लागणार हे दाखवलं. ती काळजी बऱ्याच चांगल्या आयसीयूत टेस्टशिवायही घेतात. आता तुम्ही एक करा, ऑपरेशनला तीन महिने झाले की बाबांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन तपासून घ्या. त्याबद्दल शेवटच्या पत्रात लिहिलंय.

प्रश्न : फुल बॉडी चेकअपमध्ये हे एनगॅल टाकून घ्यावं का? दरवर्षी केलं तर किडनी फेल होणार ते आधीच कळेल ना? – बाणेर

नको. ही टेस्ट ज्याला आत्ता, या काही तासांत, किडनीला मार बसलाय किंवा बसण्याची शक्यता आहे त्याच्यासाठी आहे. धडधाकट माणसाने वर्षातून एकदा करून तिचा अर्थ लागत नाही. तुमच्यासाठी बीपी, शुगर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन एवढं पुरे.

प्रश्न : डॉक्टर साहेब, आम्ही भोर तालुक्यातले. माझ्या धाकट्या भावाला, वय ३४, भातलावणीच्या वेळी घोणस चावली. सापाची लस दिली, पुण्याला हलवलं, जीव वाचला. पण लघवी बंद झाली. आज १९ वा दिवस आहे, आठवड्यात तीनदा डायलिसिस चालू आहे. आधी दिवसाला शंभर-दीडशे मिली लघवी व्हायची, आता साडेतीनशेपर्यंत होते. डॉक्टर म्हणतात थांबा. किती थांबायचं? किडनी परत येणार का नाही हे सांगणारी लघवीची टेस्ट असेल तर सांगा, आम्ही पैसे जमवून करू. – भोर

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्हीच लिहिलीय, की लघवी दीडशेवरून साडेतीनशेवर आली. ती टेस्टच आहे. रोजची, फुकटची, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत सध्या कुठल्याही महागड्या टेस्टपेक्षा जास्त भरवशाची.

टेस्टबद्दल विचारलंय तर सांगतो. लघवीत सीसीएल-फोर्टीन नावाचं एक प्रोटीन असतं. किडनीला मोठा मार बसल्यावर तो रेंगाळणार की लवकर सुटणार हे त्यावरून कळतं का, असा अभ्यास २०२० मध्ये आला. ३३१ पेशंट होते, त्यातल्या ११० जणांचा गंभीर त्रास तीन दिवसांच्या वर टिकला, आणि तो कोणाचा टिकणार हे ओळखण्यात हे प्रोटीन बाकी सगळ्यांपेक्षा सरस ठरलं. पण ही टेस्ट सुरुवातीच्या दिवसांत करायची असते आणि ती पुढच्या ७२ तासांबद्दल बोलते, १९ व्या दिवशी करून तिच्याकडून काही कळणार नाही. शिवाय ते पेशंट अमेरिका-युरोपातल्या आयसीयूतले होते, बहुतेक जंतुसंसर्ग आणि ऑपरेशनवाले, त्यावरून घोणस चावलेल्या माणसाबद्दल बोलणं मला धाडसाचं वाटतं. तेव्हा त्यासाठी पैसे जमवू नका. ते पैसे भावाच्या जाण्यायेण्याला आणि खाण्यापिण्याला लागणार आहेत.

घोणसाच्या विषात काय होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे डॉक्टर थांबा का म्हणतात ते कळेल. रक्त गोठायची व्यवस्था बिघडते, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, बीपी पडतं, विषाचा थेट मारही बसतो. बहुतेक लोकांत इजा होते ती नळ्यांना, आणि नळ्यांच्या पेशी परत वाढतात, शेतात जळालेल्या बांधावर पहिल्या पावसानंतर गवत येतं ना, तसं. त्याला दोन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि आम्ही तीन महिन्यांपर्यंत आशा सोडत नाही. थोड्या लोकांत मात्र किडनीचा बाहेरचा थर, ज्यात गाळण्या असतात, तोच रक्त न मिळाल्यामुळे मरतो. त्याला कॉर्टिकल नेक्रोसिस म्हणतात. तिथे किडनी पूर्ण परत येणं अवघड असतं. ते ओळखायला लघवीचा मार्कर, म्हणजे इजेची खूण दाखवणारं असं प्रोटीन, चालत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन किंवा बायोप्सी लागते, आणि अशा पेशंटची लघवी बऱ्याचदा आठवडे उलटले तरी जवळजवळ बंदच राहते. तुमच्या भावाची लघवी वाढतेय, म्हणून मला आशा वाटते. खात्री देत नाही, पण आशा वाटते हे मनापासून लिहितोय.

आता रोज काय बघायचं. मापाच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं आणा आणि चोवीस तासांची लघवी त्यात मोजून वहीत लिहा, तारीख घालून. डायलिसिसच्या दिवशीची वेगळी आणि मधल्या दिवसांची वेगळी. २००९ साली २३ देशांतल्या आयसीयूंच्या माहितीवरून असं दिसलं होतं की डायलिसिसचं मशीन थांबवता येईल का हे सांगणारी सगळ्यात ठळक गोष्ट म्हणजे लघवीचं प्रमाण, लघवी वाढवणारं औषध न देता दिवसाला ४०० मिलीच्या वर गेली तर शक्यता चांगली. ते लोक आयसीयूतले, सलग चालणाऱ्या मशीनवरचे होते, तरी तत्त्व तेच. दुसरं, दोन डायलिसिसच्या मध्ये क्रिएटिनिन किती चढतं ते डॉक्टरांना विचारा. आधी दोन दिवसांत तीन-चारने चढायचं आणि आता एकनेच चढतंय, तर किडनी कामाला लागलीय. मग डॉक्टर चोवीस तासांची लघवी लॅबला पाठवून किडनी किती साफ करते ते काढतील आणि डायलिसिसमधलं अंतर वाढवतील.

आणि एक, डायलिसिस चालू असताना त्याचं बीपी फार खाली जातंय का, घाम येतो, डोळ्यापुढे अंधारी येते असं होतंय का, ते टेक्निशियनला आणि डॉक्टरांना सांगत जा. सुधारत असलेल्या किडनीला दर वेळी बीपी पडलं की पुन्हा मार बसतो. पाय दुखतो म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणायची नाही. झाडपाल्याचं, भस्माचं औषध कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी सध्या नाही. महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारलं असेलच, नसेल तर आजच विचारा. वहीचे आकडे पंधरा दिवसांनी मला पाठवलेत तर मला आनंद होईल.

प्रश्न : सर, मी हडपसरला एका आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं झाली. आमच्याकडे कधीकधी एनगॅल पाठवतात. मागे एका आजींचं एनगॅल खूप जास्त आलं आणि क्रिएटिनिन शेवटपर्यंत वाढलंच नाही. सगळे म्हणाले रिपोर्ट चुकला. खरंच चुकला असेल का? आणि सॅम्पल युरो बॅगमधून घेतलं तर चालतं का? – हडपसर

सिस्टर, बॅगमधून नको. बॅगमधली लघवी किती तासांची आहे ते आपल्याला माहीत नसतं, त्यात पेशी फुटतात, जंतू वाढतात. कॅथेटरच्या सॅम्पल पोर्टमधून ताजी घ्यायची आणि लगेच लॅबला द्यायची, वेळ लिहून.

आजींच्या रिपोर्टबद्दल दोन शक्यता आहेत. एक, त्यांना युरीन इन्फेक्शन होतं का? एनगॅलच्या पूर्ण नावातच न्यूट्रोफिल आहे, हे प्रोटीन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये भरलेलं असतं, लघवीत पू असेल तर किडनी चांगली असूनही आकडा वाढतो. सेप्सिसमध्येही, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलं तरी, वाढतो. त्यामुळे एनगॅल बघायचं तर त्याच सॅम्पलची साधी रुटीन मायक्रोस्कोपी शेजारी ठेवूनच.

दुसरी शक्यता मला जास्त महत्त्वाची वाटते. रिपोर्ट बरोबर होता, आजींच्या नळ्यांना खरंच इजा झाली होती, पण गाळण्याचं काम कमी होण्याइतकी ती नव्हती, किंवा तुम्ही लोकांनी वेळेत सलाईन दिलं, औषध बदललं आणि पुढचं टळलं. किडनीकडे राखीव ताकद बरीच असते, थोडं नुकसान क्रिएटिनिनमध्ये दिसत नाही. २०२० मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटाने अशा पेशंटसाठी वेगळी पायरीच सुचवलीय, स्टेज वन-एस, म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीचं प्रमाण दोन्ही ठीक पण मार्कर पॉझिटिव्ह. अशा लोकांचं पुढचं चित्र अगदी नॉर्मल लोकांइतकं चांगलं नसतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून 'चुकला' म्हणून तो कागद फाइलच्या मागे जाऊ नये असं मला वाटतं, त्या आजींना पेनकिलर किंवा किडनीला त्रास देणारं जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक देताना कोणीतरी दोनदा विचार करावा एवढं तरी त्याने व्हावं.

आणि सिस्टर, तुमच्या हातातल्या दोन गोष्टींबद्दल मला लिहायचंच आहे. तासातासाची लघवी. ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिलीच्या खाली, सलग सहा तास, एवढं झालं की क्रिएटिनिन काहीही असो, ती किडनी इन्जरीच. जगभर चालणाऱ्या, किडनीच्या उपचारांच्या २०१२ च्या केडिगो नियमांत हे लिहिलेलं आहे. पण रात्री तीन वाजता ज्या चार्टवर दर तासाला '४०' लिहिलेलं असतं, सगळीकडे सारखं ४०, तो चार्ट खरा नसतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. स्टाफ कमी असतो, एकीकडे चार पेशंट असतात, मी दोष देत नाही. तरीही ज्या रात्री खरा आकडा लिहिला जातो त्या रात्री माणूस वाचू शकतो.

दुसरी गोष्ट लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाची. काही डॉक्टर आता ती टेस्ट म्हणून वापरतात. पेशंटच्या अंगात पाणी पुरेसं आहे याची खात्री करून किलोमागे १ मिलिग्रॅम, आधी लॅसिक्स चालू असेल तर दीड, असा डोस शिरेतून देतात आणि दोन तास लघवी मोजतात. २०१३ मध्ये ७७ पेशंटवर केलेल्या अभ्यासात दोन तासांत २०० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर त्रास वाढत जाण्याची शक्यता खूप जास्त निघाली. यामागचं कारण सुंदर आहे. लॅसिक्स गाळणीतून जात नाही, रक्तातून नळीच्या पेशीला ते ओढून लघवीत टाकावं लागतं आणि मग पुढे जाऊन ते काम करतं, म्हणजे लघवी झाली तर नळीची पूर्ण साखळी जिवंत आहे. इथे मोजणारी तुम्हीच असता. दोन तासांत १८० का २४० हे जर अंदाजाने लिहिलं तर पुढचा निर्णयच चुकेल.

मायक्रोस्कोपबद्दलही लिहिणार होतो पण जागा कमी आहे. एवढंच सांगतो की मी अजूनही पेशंटची ताजी लघवी स्वतः मशीनमध्ये गरगर फिरवून, खाली बसलेला गाळ काचेवर बघतो. चिखलासारखे तपकिरी, दाणेदार कास्ट, म्हणजे नळ्यांच्या आत तयार झालेले साचे, दिसले तर नळ्या मेल्यात, आणि जितके जास्त तितका पुढचा रस्ता कठीण, हे मला कोणताही किट यायच्या आधीपासून उपयोगी पडतंय.

प्रश्न : मार्कर वाढला म्हणजे किडनी जाणारच, मग वाट न बघता लगेच डायलिसिस का सुरू करत नाहीत? आमच्या सासऱ्यांच्या वेळी डॉक्टर दोन दिवस थांबले, अजून मनात राग आहे. – पिंपरी

राग समजतो. घरच्यांना डोळ्यांसमोर माणूस सुजताना दिसतो आणि डॉक्टर थांबलेले असतात. पण हे करून पाहिलंय. २०१६ मध्ये फ्रान्सच्या आयसीयूंमध्ये गंभीर किडनी इन्जरीच्या सहाशेहून जास्त पेशंटना दोन गटांत विभागलं, एकात लगेच डायलिसिस, दुसऱ्यात खरंच गरज पडेपर्यंत थांबायचं. थांबलेल्या गटातल्या ४९ टक्के लोकांना डायलिसिस लागलंच नाही, आणि मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे सारखं. २०२० मध्ये याहून कितीतरी मोठा, तीन हजारांच्या घरातला अभ्यास आला, त्यातही लवकर सुरू करून जीव जास्त वाचले नाहीत, उलट तीन महिन्यांनी डायलिसिसवर राहिलेले लोक लवकरच्या गटात जास्त होते. पोटॅशियम खूप वाढलं, फुफ्फुसात पाणी भरलं, रक्त आम्लधर्मी झालं तर एक तासही थांबायचं नाही. ते नसेल तर थांबणं ही ट्रीटमेंटच असते. तुमच्या सासऱ्यांच्या केसमध्ये काय होतं ते मला माहीत नाही, पण डॉक्टर थांबले याचा अर्थ त्यांनी हयगय केली असा धरू नका. थांबण्याचं कारण त्यांनी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नसेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : रामकृष्णहरी डॉक्टर. मी ६३ वर्षांची, गेली अकरा वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालते. यंदा दिवे घाट चढल्यावर गुडघे धरले म्हणून दिंडीतल्या एकीकडून दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, दिवसाला दोन. जेजुरीच्या पुढे जुलाब लागले, तरी चालले. बीपीची गोळी रोज न चुकता घेत होते. लोणंदला चक्कर येऊन पडले, क्रिएटिनिन ३.४ निघालं. सलाईन लावल्यावर चार दिवसांत १.० झालं. आता बरी आहे. सून म्हणते आई तुम्ही ती लघवीची नवी टेस्ट करा, आतून किडनी खराब झालीय का कळेल. करू का? – सदाशिव पेठ

माऊली, सुनेची काळजी खरी आहे पण टेस्ट दुसरी करायची. नवे मार्कर इजा होत असतानाचे असतात, तुमची इजा होऊन गेली. आता प्रश्न असा आहे की मागे काही व्रण राहिला का. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघतात, त्याला एसीआर म्हणतात, कुठल्याही साध्या लॅबमध्ये होतं. किडनीला मार बसल्यानंतर तीन महिन्यांनी हे प्रमाण जास्त असेल तर पुढच्या काही वर्षांत किडनी झिजत जाण्याचा धोका जास्त, हे अमेरिकेत शेकडो पेशंटना वर्षानुवर्षं फॉलो करून दाखवलेलं आहे. आणि तरीही हॉस्पिटलमधून सुटलेल्या लोकांना ही टेस्ट लिहून दिलेली मला फारच कमी वेळा दिसते. क्रिएटिनिन नॉर्मल झालं की सगळे विसरतात, पेशंट पण आणि आम्ही पण. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्ही लोणंदला पडलात त्याला तीन महिने झाले की सकाळच्या पहिल्या लघवीचं एसीआर आणि रक्तातलं क्रिएटिनिन करा. एसीआर ३० च्या आत असेल तर छान, वर्षातून एकदा बघत राहू. वर असेल तर एकदा परत करून खात्री करायची आणि मग किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचं, तेव्हा घाबरायचं नाही, कारण त्या टप्प्यावर औषधांनी झीज बरीच लांबवता येते.

बीपीच्या गोळीची पट्टी बघा, टेल्मिसार्टन किंवा तसलं काही आणि जोडीला पाणी काढणारं औषध अशी एकत्र गोळी बऱ्याच जणांना चालू असते. ती गोळी चांगली आहे, एरवी बंद करायची नाही. पण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी, पाणी काढणारं औषध आणि वरून दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आले की किडनीच्या गाळणीतला दाब एकदम पडतो. आत येणारी नळी दुखण्याच्या गोळीने आवळते, बाहेर जाणारी बीपीच्या गोळीने सैल पडते, आणि मधे रक्तच कमी. तुमच्या बाबतीत हेच झालेलं दिसतंय.

पुढच्या वर्षी आळंदीला निघायच्या आठ दिवस आधी तुमच्या डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्या घेऊन जा आणि जुलाब-उलट्या लागल्या तर यातली कोणती किती दिवस थांबवायची ते कागदावर लिहून घ्या, मोठ्या अक्षरात, कारण त्या वेळी चष्मा सापडत नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक आणि पट्टा. पिशवीत ओआरएसची पाकिटं दहा-बारा, तुमच्यासाठी आणि दिंडीतल्या बाकीच्यांसाठी. दिवसभरात लघवी दोनदाच झाली आणि तीही गडद पिवळी, तर त्या दिवशी चालणं थांबवून गाडीत बसायचं. आणि ज्या बाईंनी गोळ्या दिल्या त्यांनाही हे वाचून दाखवा, त्या बहुतेक स्वतःही त्याच घेत असतील.